अल्फा कण आणि अल्फा क्षय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किरणोत्सर्गाबद्दलचे प्रश्न दोन टोकांकडून येतात. एक टोक बारावीच्या परीक्षेचं, दुसरं भीतीचं: घरात रेडॉन आहे का, जुन्या घड्याळाचं काय करू, ग्रॅनाइटचा ओटा काढून टाकू का. दोन्हींची उत्तरं अल्फा कणाच्या एकाच स्वभावातून निघतात, म्हणून इथे ती वेगळी काढलेली नाहीत.

अल्फा कण म्हणजे काय?

दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन यांचा घट्ट बांधलेला गट. हेलियमच्या अणूतले दोन्ही इलेक्ट्रॉन काढून टाकले की जे केंद्रक उरतं, तोच अल्फा कण. विद्युतभार +२. वस्तुमान प्रोटॉनच्या साधारण चौपट, इलेक्ट्रॉनच्या सुमारे ७,३०० पट.

युरेनियम, थोरियम, रेडियम अशा पदार्थांतून तो बाहेर पडतो तेव्हा त्याची ऊर्जा बहुधा ४ ते ९ एमईव्ही असते. एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट. ऊर्जेचं हे एकक पुढे सारखं भेटेल. ५ एमईव्हीच्या कणाचा वेग सेकंदाला साधारण १५,५०० किलोमीटर भरतो, म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या ५ टक्के. आकडा मोठा वाटतो, पण किरणोत्सर्गाच्या जगात हा कण सावकाशच म्हणायचा. जड, दुप्पट भाराचा आणि सावकाश, एवढं डोक्यात ठेवलं तर पुढचं बरंचसं स्वतःच ताडता येईल.

तो हेलियमचंच केंद्रक आहे, हे कशावरून ठरलं?

काचेच्या एका नळीवरून. अर्नेस्ट रदरफर्ड आणि थॉमस रॉइड्स यांनी १९०८ साली मँचेस्टरमध्ये केलेला हा प्रयोग पाठ्यपुस्तकं एका ओळीत उरकतात. मला तो सोन्याच्या पत्र्याच्या प्रसिद्ध प्रयोगाइतकाच देखणा वाटतो.

तोवर अल्फा कणाचा भार आणि वस्तुमान यांचं गुणोत्तर मोजून झालं होतं. ते दोन भारांच्या हेलियमशी जुळत होतं. अडचण अशी, की एकच भार असलेल्या हायड्रोजनच्या रेणूलाही जवळपास तेच गुणोत्तर येतं. मग ओटो बाउमबाख या काचकाम करणाऱ्या कारागिराने एक नळी फुंकून दिली. तिची भिंत मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षाही पातळ होती. एवढी पातळ, की अल्फा कण तिच्यातून पार होत. आणि तरी एवढी मजबूत, की बाहेरच्या हवेच्या दाबाने ती फुटत नसे आणि आतला वायू आतच राही.

या नळीत रेडॉन हा अल्फा कण सोडणारा वायू भरला. भोवती जाड काचेची दुसरी नळी बसवली आणि दोन्हींच्या मधल्या जागेतली हवा काढून घेतली. काही दिवस जाऊ दिले. मग पारा वर चढवून त्या मधल्या जागेत जमलेलं जे काही होतं ते टोकाच्या केशनळीत दाबलं, त्यातून वीज सोडली आणि उजेड वर्णपटदर्शकातून, म्हणजे उजेडातले रंग वेगळे करून दाखवणाऱ्या उपकरणातून, पाहिला. आधी हेलियमची पिवळी रेषा दिसू लागली, आणि आणखी दिवस गेल्यावर त्याच्या बाकीच्या ठळक रेषा.

आता यावर कोणीही शंका काढेल: हेलियम रेडॉनमध्ये आधीच मिसळलेला असेल आणि काचेतून झिरपला असेल. म्हणून दोघांनी रेडॉनऐवजी आतल्या नळीत साधा हेलियमच भरून पाहिला. बाहेर हेलियमची रेषा उमटली नाही. म्हणजे काच ओलांडली ती वेगाने आलेल्या अल्फा कणांनी, आणि पलीकडे प्रत्येकी दोन इलेक्ट्रॉन मिळवून ते हेलियमचे अणू झाले. त्याच वर्षी रदरफर्ड यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. डिसेंबरमधल्या भाषणासाठी त्यांनी विषय निवडला तो हाच.

हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला ना? मग यात कोकणाचा वाटा किती?

वाटा आहे, पण सांगितला जातो तसा नाही. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसलं आणि प्येर जान्सेन या खगोलशास्त्रज्ञांनी ते गुंटूरहून अभ्यासलं. दुसरे खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. त्यांनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेच्या प्रकाशात ती पिवळी रेषा पाहिली. विजयदुर्गावर ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. किल्ल्यावरचे 'साहेबाचे ओटे' जरूर पाहावेत, हेलियम दिनही करावा. तीस वर्षांच्या अंतराने झालेल्या दोन गोष्टी तेवढ्या एक करू नयेत.

आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचं साल आहे १८९५. त्या वर्षी विल्यम रॅम्झी यांना हा वायू पृथ्वीवर मिळाला, तो क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजात. दगडात हा वायू आला कुठून, हे तेव्हा कोणाला सांगता येणार? किरणोत्सर्गच मुळी १८९६ साली कळला. आज माहीत आहे की युरेनियममधून निघालेले अल्फा कण त्याच दगडात अडकून हेलियम झाले होते. वाढदिवसाच्या फुग्यात भरतात तो हेलियमही असाच जमिनीखाली कोट्यवधी वर्षं साठत आलेला असतो आणि नैसर्गिक वायूबरोबर वर काढला जातो.

अल्फा क्षयात नेमकं काय घडतं?

एक जड केंद्रक अल्फा कण बाहेर टाकतं आणि स्वतः दुसऱ्या मूलद्रव्याचं होतं. अणुवस्तुमानांक (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून संख्या) ४ ने घटतो, अणुअंक (नुसत्या प्रोटॉनांची संख्या) २ ने. नावापुढचा आकडा म्हणजे वस्तुमानांक. उदाहरणार्थ:

युरेनियम-२३८ → थोरियम-२३४ + अल्फा कण

उजवीकडच्या दोघांचं मिळून वस्तुमान डावीकडच्यापेक्षा किंचित कमी भरतं. ही तूट ४.२७ एमईव्ही ऊर्जेच्या रूपाने बाहेर येते. तिच्यातले ४.२० अल्फा कणाला मिळतात आणि उरलेले ०.०७ उलट दिशेने ढकलल्या गेलेल्या थोरियमला. भागीदार दोनच असल्यामुळे ही वाटणी ठरलेली असते. म्हणून एका पदार्थातले अल्फा कण ठरावीक ऊर्जेचेच निघतात आणि ऊर्जा मोजून पदार्थ ओळखता येतो. बीटा क्षयात, म्हणजे केंद्रकातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो तेव्हा, तसं होत नाही, कारण तिथे न्यूट्रिनो नावाचा आणखी एक कण तिसरा वाटेकरी असतो.

कधी कधी नवं केंद्रक उत्तेजित अवस्थेत जन्मतं आणि मागोमाग गॅमा किरण सोडून शांत होतं.

युरेनियम-२३८ चं शिसं-२०६ होईपर्यंत किती अल्फा आणि किती बीटा?

८ अल्फा, ६ बीटा. पाठ करू नका, काढा. वस्तुमानांक २३८ वरून २०६ वर आला, म्हणजे ३२ ची घट. ती फक्त अल्फाने होते, म्हणून ३२ भागिले ४. आठ अल्फांनी अणुअंक ९२ वरून ७६ वर यायला हवा होता, पण शिशाचा आहे ८२. प्रत्येक बीटा क्षय अणुअंक एकाने वाढवतो, म्हणून सहा बीटा.

बाहेर पडायला चार जणांचाच गट का? एकटा प्रोटॉन का नाही?

हा गट विलक्षण घट्ट असतो. दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन एकत्र आले की २८.३ एमईव्ही ऊर्जा मोकळी होते, आणि बाहेर पडण्याचा खर्च या मिळकतीतून भागतो. युरेनियमच्या केंद्रकातून एकटा प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन काढायचा तर उलट बाहेरून काही एमईव्ही ऊर्जा पुरवावी लागते. फुकटात ते होत नाही.

मोठ्या केंद्रकांनाच ही खोड का, याचं कारण प्रोटॉनांच्या आपसातल्या ढकलाढकलीत आहे. केंद्रकाला बांधून ठेवणारं केंद्रकीय बल फक्त शेजाऱ्यापुरतं पोचतं. विद्युत अपकर्षण मात्र केंद्रकातल्या प्रत्येक प्रोटॉनला दुसऱ्या प्रत्येकापासून दूर लोटत असतं. केंद्रक वाढत गेलं की दुसरं पहिल्याला भारी पडू लागतं. शिशाच्या पलीकडे हे फार जाणवतं. शिशाच्या शेजारचं बिस्मथ-२०९ तर कायम स्थिर मानलं जात होतं. २००३ साली फ्रान्समध्ये त्याचाही अल्फा क्षय टिपला गेला. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, सुमारे २ वर १९ शून्यं इतकी वर्षं; विश्वाचं वय त्यापुढे किरकोळ आहे.

कणाकडे पुरेशी ऊर्जा नसतानाही तो बाहेर येतो म्हणतात. हे कसं शक्य आहे?

या प्रश्नावर थोडं थांबायला हवं, कारण भौतिकशास्त्राला त्याने खरोखर जेरीस आणलं होतं.

युरेनियमच्या केंद्रकाभोवती विद्युत अपकर्षणाचा एक बांध असतो. अल्फा कणासाठी त्याची उंची ३० एमईव्हीच्या आसपास. बाहेरून ८.८ एमईव्हीचे अल्फा कण युरेनियमवर सोडले तर ते हा बांध ओलांडू शकत नाहीत, परत फिरतात. आणि त्याच केंद्रकातून बाहेर येणाऱ्या कणाकडे असतात जेमतेम ४.२! ज्या बांधावरून ८.८ वाला आत जाऊ शकत नाही, त्यावरून ४.२ वाला बाहेर आला कसा?

१९२८ मध्ये जॉर्ज गॅमॉव्ह यांनी गटिंगनमध्ये, आणि स्वतंत्रपणे रोनाल्ड गर्नी व एडवर्ड कॉन्डन यांनी प्रिन्स्टनमध्ये उत्तर दिलं: तो वरून येतच नाही. पुंजयामिकीनुसार (क्वांटम मेकॅनिक्स) कणाला तरंगाचं रूप असतं आणि तो तरंग बांधाशी एकदम संपत नाही. आत झपाट्याने क्षीण होत जातो, तरी पलीकडे त्याचा अगदी किंचित अंश उरतो. तेवढीच कण पलीकडे सापडण्याची शक्यता. याला सुरंगन किंवा टनेलिंग म्हणतात.

युरेनियम-२३८ मध्ये हा बांध किती रुंद आहे ते पाहा. केंद्रकाची त्रिज्या साधारण ९ फेम्टोमीटर (मीटरच्या १ वर १५ शून्यं इतकाव्या भागाला फेम्टोमीटर म्हणतात), ४.२७ एमईव्ही हिशेबात धरले तर अल्फा कण मोकळा होतो तो मध्यापासून जवळजवळ ६० फेम्टोमीटरवर. आतला कण सेकंदाला अंदाजे १ वर २१ शून्यं इतक्या वेळा या बांधाला धडकतो, आणि यशाची शक्यता १ वर ३८ शून्यं इतक्या धडकांमागे साधारण एक. ही दोन टोकं एकमेकांना भिडवली की अर्धायुष्य येतं ४४७ कोटी वर्षं, म्हणजे जवळपास पृथ्वीच्या वयाइतकं.

ऊर्जा थोडी वाढली तर बांध उंचीलाही कमी पडतो आणि रुंदीलाही, त्यामुळे शक्यता भराभर वाढते. थोरियम-२३२ च्या क्षयात ४.०८ एमईव्ही सुटतात आणि त्याचं अर्धायुष्य १,४०० कोटी वर्षं. पोलोनियम-२१२ मध्ये ८.९५ सुटतात आणि अर्धायुष्य आहे सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या तिप्पट. ऊर्जा दुपटीच्या थोडी वर, काळात मात्र १ वर २४ शून्यं एवढा फरक. हा नियम हान्स गायगर आणि जॉन नटाल यांना १९११ मध्येच प्रयोगातून सापडला होता. गॅमॉव्ह यांचं गणित विश्वासार्ह ठरलं ते मुख्यतः यामुळे, की ही आकड्यांची झेप त्यातून आपोआप निघाली.

एखादा अणू कधी फुटेल, हे सांगता येतं का?

नाही. अणू मोठ्या संख्येने असले तर त्यांतले किती फुटतील हे चोख सांगता येतं: १ ग्रॅम युरेनियम-२३८ मध्ये दर सेकंदाला सुमारे १२,४०० क्षय होतात. पण त्यांत नंबर कोणाचा, ते ठरलेलं नसतं.

कढईतल्या लाह्यांची उपमा इथे बरेच शिक्षक देतात. ती अर्धीच खरी. कुठला दाणा आधी फुटेल ते कळत नाही, इथपर्यंत ठीक. पण दाणा तापत जातो आणि फुटायच्या जवळ येत जातो. अणू असा 'पिकत' नाही. ४०० कोटी वर्षं टिकलेला युरेनियमचा अणू आणि काल तयार झालेला अणू, दोघांची उद्या फुटण्याची शक्यता अगदी सारखी.

साधा कागद अल्फा कण अडवतो, हे खरं?

खरं. हवेतसुद्धा ५ एमईव्हीचा कण साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास जाऊन थांबतो. दुप्पट भार आणि कमी वेग, त्यामुळे वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक अणूच्या इलेक्ट्रॉनांना तो जोराने ओढतो आणि ऊर्जा घालवत जातो. हवेतली एक आयन-जोडी, म्हणजे सुटा इलेक्ट्रॉन आणि मागे उरलेला भारित अणू, तयार करायला सरासरी ३५ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. म्हणजे थांबेपर्यंत एक कण दीड लाखाच्या घरात जोड्या करतो, त्याही एवढ्याशा अंतरात.

त्यातही गंमत अशी की वेग मंदावतो तसा हा मारा वाढत जातो आणि शेवटच्या काही मिलिमीटरांत सर्वांत जास्त होतो. विल्यम हेन्री ब्रॅग यांनी १९०४ मध्ये ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला असताना हे दाखवलं.

शरीराच्या ऊतींत हाच कण ४० मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) आसपास शिरतो. कातडीतल्या ज्या पेशींची सतत विभागणी होत असते, त्या साधारण ७० मायक्रॉनवर धरतात. म्हणून बाहेर ठेवलेल्या अल्फा स्रोताने सहसा इजा होत नाही.

कागदाने अडणाऱ्या कणाला घाबरायचं कशाला?

तो लवकर थांबतो म्हणूनच. बाहेर असताना ज्या गुणाने आपण वाचतो, तोच आत गेल्यावर मुळावर येतो. गॅमा किरणांतले बरेचसे शरीर ओलांडून निघून जातात. अल्फा कण आपली सगळी ऊर्जा दोन-चार पेशींच्या रुंदीत ओततो, आणि डीएनएचे दोन्ही धागे एका जागी तुटले तर पेशीला ते नीट जोडणं अवघड जातं. म्हणून किरणोत्सर्ग-संरक्षणाच्या हिशेबात, शोषलेली ऊर्जा सारखीच असली तरी अल्फाला गॅमाच्या २० पट वजन देतात.

१९२० च्या दशकातली अमेरिकेतल्या न्यू जर्सीची गोष्ट. घड्याळांच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग भरायचं काम तरुण मुली करत. आकडे बारीक यावेत म्हणून कुंचल्याचं टोक ओठांत धरून टोकदार करायला त्यांना शिकवलेलं होतं. दर वेळी थोडं रेडियम पोटात जाई. रेडियम हे कॅल्शियमच्याच गणातलं, त्यामुळे शरीराने ते हाडांत नेऊन बसवलं. जबड्याची हाडं सडली, हाडांचे कर्करोग झाले, कित्येकींचा जीव गेला. कंपनी जबाबदारी झटकत राहिली; पाच जणींनी कोर्टात जाऊन १९२८ मध्ये तडजोडीने भरपाई मिळवली. त्यांच्या हाडांवर पुढे झालेल्या अभ्यासातूनच शरीरात किती रेडियम चालेल याच्या मर्यादा ठरल्या.

दुसरं उदाहरण अलीकडचं. नोव्हेंबर २००६ मध्ये लंडनमध्ये रशियाचे माजी गुप्तहेर अलेक्झांडर लिटव्हिनेन्को यांना चहातून पोलोनियम-२१० देण्यात आलं. मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजावी एवढीच होती. पोलोनियम-२१० गॅमा किरण जवळजवळ सोडतच नाही, त्यामुळे नेहमीच्या तपासणीत काही सापडेना. २३ नोव्हेंबरला त्यांचा मृत्यू झाला, आणि कारण कळलं ते अगदी शेवटी.

घरात रेडॉन असतो का? काय करायचं?

असतो, सगळ्यांच्याच घरात, कमी-जास्त. माती, खडक आणि बांधकामाच्या साहित्यातल्या युरेनियमच्या मालिकेत रेडियमपासून हा वायू तयार होतो. वास नाही, रंग नाही, अर्धायुष्य ३.८ दिवस. वायू म्हणून तो श्वासाबरोबर येतो तसा परतही जातो. खरा त्रास त्याच्या वंशजांचा, पोलोनियम-२१८ आणि पोलोनियम-२१४ यांचा. हे घनरूप, धुळीला चिकटतात, फुप्फुसाच्या अस्तरावर बसतात आणि तिथेच अल्फा सोडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अनेक देशांत फुप्फुसाच्या कर्करोगाचं धूम्रपानाखालोखाल हेच मोठं कारण आहे. घरातल्या हवेसाठी संघटनेने सुचवलेली पातळी घनमीटरला १०० बेकरेल आहे; ते जमत नसेल तर ३०० च्या वर नको. एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक क्षय.

थंड देशांत दारं-खिडक्या बंद करून तळघरात राहतात, तिथे तो साठतो. आपल्याकडे खिडक्या उघड्या असतात, हा मोठा फायदा. तळमजल्यावरच्या बंद खोलीत दिवसभर एसी लावून बसत असाल तर रोज थोडा वेळ खिडक्या उघडा, जमिनीच्या भेगा बुजवा. आणि सिगारेट सोडा. तंबाखूच्या पानातच पोलोनियम-२१० असतं, शिवाय धूम्रपान आणि रेडॉन एकत्र आले की धोका कित्येक पटींनी वाढतो.

ग्रॅनाइटचा ओटा काढून टाकू का?

नको. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम आणि थोरियम इतर बऱ्याच दगडांपेक्षा जास्त असतं हे खरं, पण दगडाच्या आत सुटलेला अल्फा कण दगडातच मुरतो. ओट्यातून येणारा रेडॉन जमिनीतून येणाऱ्याच्या तुलनेत सहसा थोडाच असतो.

केळ्यातून अल्फा कण निघतात का?

नाही. केळ्यातलं पोटॅशियम-४० मुख्यतः बीटा सोडतं. खा.

पेट्रोमॅक्सच्या बत्तीच्या जाळीत थोरियम असतं, ते घातक आहे का?

लग्नात, जत्रेत, कीर्तनात जी बत्ती पंप मारून पेटवत, तिचं मेंटल, म्हणजे जाळी, थोरियम नायट्रेटमध्ये भिजवलेल्या सुताचं असे. पहिल्यांदा पेटवलं की सूत जळून जातं आणि मागे थोरियम ऑक्साइडचा नाजूक सांगाडा उरतो. तो तापला की लख्ख पांढरा उजेड देतो. मुंबईत तुर्भे इथला थोरियम कारखाना १९५५ साली सुरू झाला. केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूपासून मिळालेल्या मालातून तिथे थोरियम नायट्रेट काढत, आणि त्याचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे मेंटल बनवणारे.

दूर टांगलेल्या बत्तीची चिंता नको. जपायचं ते फुटलेल्या मेंटलच्या पांढऱ्या भुकटीला. ती फुंकर मारून उडवू नका, ओल्या कापडाने टिपा, मग हात धुवा. खाण्याच्या भांड्यांवर ती सांडू देऊ नका. अनेक देशांत आता थोरियमऐवजी यिट्रियम वापरतात.

अल्फा कण लागलेली वस्तू स्वतः किरणोत्सारी होते का?

रोजच्या व्यवहारात नाही. प्रयोगशाळेत हलक्या मूलद्रव्यांच्या बाबतीत मात्र होऊ शकतं, आणि त्या 'मात्र'मध्ये अर्धं अणुशास्त्र सामावलं आहे. १९१९ मध्ये रदरफर्ड यांनी अल्फा कणांनी नायट्रोजनच्या केंद्रकातून प्रोटॉन उडवल्याचं जाहीर केलं. १९३२ मध्ये जेम्स चॅडविक यांना बेरिलियमवर अल्फा सोडून न्यूट्रॉन सापडला. १९३४ मध्ये इरेन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्युरी यांनी अ‍ॅल्युमिनियमवर अल्फाचा मारा करून किरणोत्सारी फॉस्फरस बनवला. माणसाने तयार केलेलं ते पहिलं किरणोत्सारी समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा, पण न्यूट्रॉनांची संख्या वेगळी असलेला प्रकार).

लोकांना भीती असते ती बहुतेकदा वेगळ्याच गोष्टीची: वस्तूवर किरणोत्सारी धूळ बसण्याची. ती धुता येते.

अणूची रचना अल्फा कणांमुळे कळली, ती कशी?

गायगर आणि अर्नेस्ट मार्सडेन यांनी १९०९ मध्ये धातूच्या पातळ पत्र्यांवर अल्फा कण सोडले. जवळपास सगळे सरळ पार गेले, पण साधारण ८,००० मध्ये एखादा उलट फिरला. एवढा जड आणि वेगवान कण मागे फिरवायचा तर धन भार आणि वस्तुमान एका चिमुकल्या जागी एकवटलेलं असलं पाहिजे, असं रदरफर्ड यांनी १९११ मध्ये मांडलं. बाकी गोष्ट शाळेत ऐकलेलीच आहे.

ते मोजतात कसे? स्वस्तातलं गायगर यंत्र चालेल?

बहुतेक स्वस्त यंत्रं अल्फा पाहूच शकत नाहीत, कारण नळीच्या धातूतच कण अडतो. अल्फासाठी अभ्रकाची अतिशय पातळ खिडकी असलेली नळी लागते, आणि तीही वस्तूच्या सेंटिमीटरभर जवळ धरावी लागते. जुना उपाय झिंक सल्फाइडच्या पडद्याचा: कण आदळला की बारीकशी चमक उठते.

मला सर्वांत आवडतं ते सीआर-३९ प्लॅस्टिक. चष्म्याच्या काचा ज्याच्या करतात तेच हे. त्याचा नखाएवढा तुकडा खोलीत काही महिने टांगून ठेवतात. अल्फा कण जिथे शिरला तिथली रचना बिघडलेली असते. नंतर तुकडा गरम कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात काही तास बुडवला की त्या जागा भराभर झिजतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली गोल किंवा लंबगोल खळगे दिसतात. खळगे मोजायचे, त्यावरून रेडॉन काढायचा. ना वीज, ना बॅटरी.

घरी अल्फा कणाची वाट पाहता येईल का?

येईल. पारदर्शक डबा, ड्राय आइस, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि काळा तळ एवढ्यात मेघकक्ष होतो, म्हणजे कणांच्या वाटा धुक्याच्या रेघांनी दाखवणारा डबा. वरून एकाच बाजूने टॉर्च मारा. आखूड, जाड, सरळ पांढरी रेघ उमटून विरली तर ती अल्फाची. बारीक आणि वेडीवाकडी असेल तर बीटाची. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, ज्योत जवळ नको, आणि मुलांबरोबर मोठं माणूस हवंच.

अल्फा क्षयाचा उपयोग काय?

काही धूर-शोधकांत मायक्रोग्रॅमहूनही कमी अमेरिशियम-२४१ असतं. त्याचे अल्फा कण दोन पट्ट्यांमधली हवा आयनीकृत करतात आणि बारीक विद्युतप्रवाह वाहतो. धूर शिरला की तो घटतो आणि भोंगा वाजतो. असा शोधक खोलून पाहू नये.

१९७७ साली निघालेली दोन्ही व्हॉयेजर अंतराळयानं प्लुटोनियम-२३८ वर चालत आली आहेत. एका ग्रॅमातून अर्ध्या वॅटच्या थोडी वर उष्णता, आणि अर्धायुष्य ८७.७ वर्षं. अल्फा कण प्लुटोनियमच्या गोळीच्या बाहेर जात नाही, म्हणून सगळी ऊर्जा उष्णता होऊन हाती लागते. चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरवर अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने बनवलेलं एक उपकरण होतं. त्यातल्या क्युरियम-२४४ चे अल्फा कण आणि क्ष-किरण चंद्राच्या मातीवर पडत, आणि मातीतून परत येणाऱ्या क्ष-किरणांवरून तिच्यातली मूलद्रव्यं ओळखली गेली.

वैद्यकात तर त्याच्या घातकपणाचाच उपयोग करतात. रेडियम हाडांत जातं, हे तबकडी रंगवणाऱ्या मुलींच्या बाबतीत जीवघेणं ठरलं होतं. २०१३ पासून अमेरिकेत त्याचाच एक प्रकार, रेडियम-२२३, औषध म्हणून मान्य आहे, प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरलेल्या रुग्णांसाठी. अर्धायुष्य ११.४ दिवस, म्हणून ते लवकर संपतं. अ‍ॅक्टिनियम-२२५ गाठीच्या पेशींना चिकटणाऱ्या रेणूला जोडून देतात. दिल्लीच्या एम्सने न्यूरोएंडोक्राइन गाठींवर या उपचाराचं बरंच काम केलं आहे. गाठीची पेशी मरते आणि काही पेशींपलीकडची निरोगी ऊती बरीच वाचते.

घरात आजोबांचं अंधारात चमकणारं जुनं घड्याळ आहे. टाकून देऊ?

आधी ते रेडियमचं आहे का ते पाहा. साठच्या दशकापासून रेडियम मागे पडत गेलं, आणि अलीकडच्या बहुतेक घड्याळांतला चमकणारा रंग किरणोत्सारी नसतो. फार जुनं असेल आणि आता अजिबात चमकत नसेल तर निर्धास्त होऊ नका. चमक गेली ती रंगातलं चमकणारं झिंक सल्फाइड झिजल्यामुळे. त्यातल्या रेडियम-२२६ चं अर्धायुष्य १,६०० वर्षं आहे. काच शाबूत असेल तर अल्फा कण बाहेर येत नाहीत. घड्याळ हवेशीर खोलीत ठेवा, उशाशी नको, काच उघडू नका, मुलांना खेळायला देऊ नका. काच तडकली असेल तर जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा. दुरुस्तीला देताना घड्याळजींना आधीच सांगा, म्हणजे ते तबकडी खरवडणार नाहीत.